हाडाला चिकटणारं फॉस्फेट पॉलिमर: बनवण्यापासून तपासण्यापर्यंत

काही वर्षांपूर्वी आमच्या प्रयोगशाळेत नव्यानंच आलेली एक विद्यार्थिनी वही घेऊन धावत माझ्याकडे आली. तिनं बनवलेलं पॉलिमर हायड्रॉक्सीअ‍ॅपटाइटला, म्हणजे हाडातल्या खनिजाला, ९५ टक्के चिकटत होतं. मी तिला नुसत्या खनिजाची, पॉलिमर न घातलेली नळी दाखवायला सांगितली. ती गडद निळी होती. मॉलिब्डेनम ब्लू चाचणीत निळा रंग म्हणजे फॉस्फेट, आणि त्या नळीत एवढं फॉस्फेट असायला काही कारण नव्हतं. कारण सापडलं ते मोरीत. काचेच्या जुन्या नळ्या कपड्यांच्या पावडरीनं घासल्या जात होत्या, नमुन्याच्या नळ्या मात्र नव्या, प्लास्टिकच्या होत्या. निळ्या नळीचं रीडिंग नमुन्यातून वजा केलं की द्रावणात पॉलिमर जवळजवळ उरलंच नाही असं दिसायचं. नळ्या सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात रात्रभर भिजवून पुन्हा मोजलं, तेव्हा आकडा ४० च्या आसपास आला.

४० हासुद्धा चांगलाच आकडा होता. पण तोपर्यंत तिचे साडेतीन महिने गेले होते. तिला पहिल्या दिवशी जे सांगायला हवं होतं ते इथं लिहितो आहे. एम.एस्सी. रसायनशास्त्र झालेल्या आणि व्हॅक्यूम लाइनवर थोडाफार हात बसलेल्या माणसाला यावरून काम सुरू करता यावं.

हेच पॉलिमर का

हाडावर थेट जाणारी औषधं नवी नाहीत. १९६० च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये हर्बर्ट फ्लाइश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की शरीरातलं पायरोफॉस्फेट खनिज साठण्याला अटकाव करतं. पण ते टिकत नाही, एन्झाइम त्याचा मधला फॉस्फरस–ऑक्सिजन–फॉस्फरस बंध तोडतात. मग मधल्या ऑक्सिजनच्या जागी कार्बन घातला आणि बिस्फॉस्फोनेट औषधं आली. घरातल्या एखाद्या आजीला आठवड्यातून एकदा घ्यायला दिलेली ७० मिलीग्रॅमची अ‍ॅलेंड्रोनेट गोळी किंवा वर्षातून एकदा शिरेतून दिलं जाणारं ५ मिलीग्रॅम झोलेड्रोनिक आम्ल ही त्याच घराण्यातली. लाखो लोकांना त्यांनी फ्रॅक्चरपासून वाचवलं आहे. पण तो कार्बनचा बंध शरीराला तोडता येत नाही. औषध हाडात वर्षानुवर्षं राहतं, आणि क्वचित जबड्याचं हाड मरणं किंवा मांडीच्या हाडाला विचित्र जागी तडा जाणं असे त्रास दिसतात.

आपलं पॉलिमर पॉलिफॉस्फोएस्टर या कुळातलं. त्याच्या साखळीत फॉस्फरस आणि कार्बन यांच्यामध्ये ऑक्सिजन असतो. डीएनएच्या कण्यातही हाच फॉस्फोडायएस्टर बंध आहे, म्हणजे शरीराला तो अनोळखी नाही. साखळीतल्या प्रत्येक दुव्यावर एक ऋण भार, आणि हाडाच्या पृष्ठभागावर कॅल्शियमचे धन भार. एकेक पकड कमकुवत असते, पण ७० पकडी एकाच दोरीला असल्या की ती सहज सुटत नाही. अशा साखळ्या लहान रेणूंचं वलय, म्हणजे अणूंचं कडं, उघडून बनवण्याचं मूलभूत काम पोलंडमधल्या वुच शहरात स्तानिस्वाव पेंचेक यांच्या गटानं १९७० च्या दशकापासून केलं. ओसाकाच्या कान्साई विद्यापीठात यासुहिको इवासाकी यांच्या गटानं पॉलिएथिलीन सोडियम फॉस्फेट हाडासाठी वापरून पाहिलं आणि हाड झिजवणाऱ्या व हाड बांधणाऱ्या, दोन्ही प्रकारच्या पेशींवरचा त्याचा परिणाम तपासला. आपण तेच पॉलिमर बनवणार आहोत. रचना साधी आहे, आणि त्याच्या तपासणीसाठी लागणारा उत्तम कंट्रोल, म्हणजे तुलनेचा नमुना, ते बनवता बनवताच हाती येतो.

पायरी १: मोनोमर (साखळीचा सुटा दुवा)

सुरुवात होते क्लोरो-ऑक्सो-डायऑक्साफॉस्फोलेन या द्रवापासून. आमच्याकडे त्याला नुसतं सीओपी म्हणतात. ते विकत मिळतं. कोरड्या टीएचएफ या विद्रावकात, नायट्रोजनखाली, शून्याच्या खाली थंड ठेवून मिथेनॉल आणि ट्रायएथिलअमीनच्या द्रावणात ते थेंबथेंब सोडायचं. मिथेनॉल अगदी मोजून एक तुल्य, जास्त नको, कारण उरलेलं मिथेनॉल नंतर वलयच उघडतं. पांढरं मीठ बसतं, ते हवा लागू न देता गाळायचं, टीएचएफ काढायचं आणि मोनोमर व्हॅक्यूममध्ये ऊर्ध्वपातित करायचा. फ्लास्क कोरडा पडेपर्यंत तापवू नका. तळाशी थोडं राहू द्या, नाहीतर तो तिथंच पॉलिमर होऊन बसतो. सीओपी आणि मोनोमर दोन्ही त्वचेला आणि श्वासाला घातक आहेत. फ्यूम हूड, हातमोजे, चष्मा यांत तडजोड नको.

इथला खरा शत्रू पाणी. पाच अणूंचं हे वलय ताणलेलं असतं. हार्वर्डच्या फ्रँक वेस्टहायमर यांनी नेमका हाच रेणू, मिथाइल एथिलीन फॉस्फेट, अभ्यासला होता. वलय नसलेल्या तशाच फॉस्फेटच्या तुलनेत तो पाण्यात सुमारे १० लाख पट वेगानं फुटतो. त्यामुळे मुंबईत किंवा कोकणात जुलै महिन्यात हे काम करणं म्हणजे भरतीच्या तोंडावर वाळूचा बांध घालणं. मी विद्यार्थ्यांना सांगतो, वर्षभराचा मोनोमर फेब्रुवारी-मार्चमध्ये बनवा, छोट्या सीलबंद कुप्यांत नायट्रोजनखाली भरा, उणे २० अंशावर ठेवा, आणि एक कुपी एकदाच उघडा. फ्रीझरमधून काढलेली कुपी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत झाकण उघडायचं नाही. थंड काचेवर दव धरतं आणि ते दव आत जातं.

फॉस्फरस-३१ एनएमआर घ्या, म्हणजे फॉस्फरसचे अणू कुठल्या रचनेत आहेत ते शिखरांवरून दिसेल. सीओपीचं शिखर २३ पीपीएमच्या आसपास, मोनोमरचं १७ च्या आसपास, आणि उघडलेल्या वलयाचं शून्याजवळ. शून्याजवळ काही दिसलं तर पुन्हा ऊर्ध्वपातन.

पायरी २: साखळी

१ ग्रॅम मोनोमर म्हणजे ७.२४ मिलिमोल. यातला ८० टक्केच वापरला जाणार आहे (का ते पुढे येतं), तेव्हा ७० दुव्यांची साखळी हवी असेल तर सुरुवात करणारं अल्कोहोल ०.०८३ मिलिमोल लागतं, म्हणजे बेंझिल अल्कोहोल ९ मिलीग्रॅम. बेंझिल निवडायचं कारण असं की त्याच्या कड्याची शिखरं ७.३ पीपीएमच्या आसपास एकटी, मोकळी दिसतात आणि त्यावरून साखळीची लांबी मोजता येते.

आता यात १ मिलीग्रॅम पाणी शिरलं असं धरा. तेवढं पाणी ०.०५६ मिलिमोल होतं, आणि पाणीही साखळी सुरू करतं. ७० च्या जागी सरासरी ४२ दुवे होतात. शिवाय पाण्यानं फुटलेला मोनोमर आम्लधर्मी असतो, तो उत्प्रेरक खाऊन टाकतो. एका थेंबाच्या पन्नासाव्या भागानं एवढं होतं. म्हणून काच ओव्हनमधून थेट व्हॅक्यूमवर, आणि बेंझिल अल्कोहोलसुद्धा मॉलिक्युलर सीव्हवर वाळवलेलं हवं.

उत्प्रेरक डीबीयू, विद्रावक कोरडं डायक्लोरोमीथेन, तापमान ० अंश. डीबीयू घातलं की घड्याळ लावा, दर पाच मिनिटांनी सिरिंजनं थोडा नमुना काढून अ‍ॅसेटिक आम्लाच्या थेंबात थांबवा, आणि फॉस्फरस एनएमआरवर १७ चं शिखर किती उरलं ते बघा. ८० टक्के मोनोमर संपला की सगळी अभिक्रिया अ‍ॅसेटिक आम्लानं थांबवायची. शेवटचे २० टक्के मिळवायच्या मोहात पडू नका. मोनोमर विरळ झाला की उत्प्रेरक तयार साखळ्याच एकमेकींशी अदलाबदल करायला लावतो, आणि सारख्या लांबीच्या साखळ्यांचा खिचडा होतो. थंड डायएथिल ईथरमध्ये ओतल्यावर पांढरी भुकटी पडेल अशी अपेक्षा असते. पडतो तो चिकट, काकवीसारखा थर. तोच तुमचा माल. ईथर वरून ओतून टाका आणि हे दोनदा-तीनदा करा.

यातलं अर्धं पॉलिमर आत्ताच बाजूला काढून उणे २० अंशावर ठेवा. साखळी तीच, लांबी तीच, फक्त भार नाही. पुढच्या प्रत्येक चाचणीत हा तुमचा निगेटिव्ह कंट्रोल.

पायरी ३: मिथाइल काढणं आणि धुणं

उरलेल्या अर्ध्यावर ट्रायमिथाइलअमीनचं पाण्यातलं द्रावण घालायचं, भांडं बंद ठेवून ढवळायचं. कुजलेल्या मासळीसारखा वास येतो, तेव्हा हे काम हूडमध्येच. अमीन प्रत्येक दुव्यावरचा मिथाइल गट उचलतं आणि स्वतः टेट्रामिथाइलअमोनियम होतं. मागे ऋण भाराची साखळी राहते. प्रोटॉन एनएमआरवर ३.८ पीपीएमजवळ मिथॉक्सीचं जोडशिखर असतं. ते पूर्ण गेलं की काम झालं.

पण आता साखळीच्या प्रत्येक भाराशेजारी टेट्रामिथाइलअमोनियम बसलेलं आहे, आणि ते चेतापेशींना विषारी आहे. पॉलिमर विषारी निघालं म्हणून टाकून दिलेल्या काही बॅचेसमध्ये खरा दोष या पाहुण्याचा होता, असं मी पाहिलं आहे. नुसत्या शुद्ध पाण्यात डायलिसिस केलं, म्हणजे बारीक छिद्रांच्या पिशवीत ठेवून लहान रेणू बाहेर जाऊ दिले, तरी ते निघत नाही. साखळीच्या भारानं धरून ठेवलेला धन आयन दुसरा धन आयन आल्याशिवाय जागा सोडत नाही. म्हणून आधी सोडियम स्वरूपातल्या रेझिनच्या स्तंभातून द्रावण सोडा, मग पहिला दिवस मिठाच्या पाण्यात डायलिसिस, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शुद्ध पाण्यात. हे सगळं ४ अंशावर करायचं. आपल्याकडच्या उकाड्यात तीन दिवस टेबलावर ठेवलेल्या डायलिसिसच्या भांड्यात जिवाणू वाढतात आणि त्यांचं एन्डोटॉक्सिन, म्हणजे जिवाणूंच्या आवरणातलं विष, पुढे पेशींना बिघडवतं. शेवटी प्रोटॉन एनएमआरवर ३.२ पीपीएमचं एकेरी शिखर शोधा. बारा प्रोटॉनचं शिखर असल्यानं अगदी थोडं उरलं तरी दिसतं. दिसलं तर पुन्हा रेझिन.

लायोफिलायझरमधून (गोठवून वाळवणाऱ्या यंत्रातून) पांढरा, हवेतलं पाणी ओढणारा कापूस मिळेल. वजन पटकन घ्या.

पायरी ४: चिकटतं का?

इथं सावकाश जायचं आहे. साधारण पद्धत अशी: हायड्रॉक्सीअ‍ॅपटाइटची भुकटी पॉलिमरच्या द्रावणात हलवायची, सेंट्रिफ्यूज करायची, वर किती पॉलिमर उरलं ते मोजायचं. घातलेलं वजा उरलेलं म्हणजे चिकटलेलं. या वजाबाकीत चार ठिकाणी फसगत होते. भुकटी स्वतः थोडी विरघळून द्रावणात फॉस्फेट सोडते. तिनं सोडलेल्या कॅल्शियमनं पॉलिमर साखळून तळाशी बसू शकतं, आणि सेंट्रिफ्यूजनंतर ते चिकटल्यासारखंच दिसतं. पॉलिमर नळीच्या भिंतीला लागू शकतं. आणि चौथी ती, सुरुवातीला सांगितलेली पावडरीची.

बफर ट्रिस किंवा हेपेसचं, ५० मिलिमोलर, सोबत १५० मिलिमोलर सोडियम क्लोराइड, पीएच ७.४. पीबीएस नको, त्यातलं फॉस्फेट पॉलिमरशी जागेसाठी भांडतं. भुकटी १ मिलिलिटरला १० मिलीग्रॅम, पॉलिमर १ मिलिलिटरला ०.५ मिलीग्रॅम, तापमान ३७ अंश. भुकटी आदल्या रात्रीच बफरमध्ये भिजत घाला. सगळ्या नळ्या एकाच पाकिटातल्या, नव्या, प्लास्टिकच्या. प्रत्येक प्रकारच्या तीन:

— पॉलिमर आणि भुकटी
— नुसतं पॉलिमर, भुकटीशिवाय (भिंतीला किती लागतं ते यातून कळतं)
— नुसती भुकटी
— भुकटी रात्रभर भिजवून गाळलेल्या बफरमध्ये पॉलिमर (कॅल्शियमनं बसणारं पॉलिमर यात उघडं पडतं)
— बाजूला ठेवलेलं भाररहित पॉलिमर आणि भुकटी

सेंट्रिफ्यूजनंतर वरच्या द्रावणाचे दोन भाग करा. एक भाग पोटॅशियम परसल्फेट घालून ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशावर अर्धा तास ठेवा, दुसरा तसाच. मॉलिब्डेटला फक्त सुटं फॉस्फेट दिसतं, साखळीतलं दिसत नाही. परसल्फेटनं साखळी पूर्ण फुटते आणि सगळा फॉस्फरस दिसतो. दोन रीडिंगमधला फरक म्हणजे पॉलिमरचा फॉस्फरस. भुकटीतून सुटलेलं फॉस्फेट दोन्ही भागांत सारखंच असल्यामुळे आपोआप वजा होतं. मोजायचं ८८० नॅनोमीटरवर. ०.५ मिलीग्रॅम पॉलिमरमध्ये सुमारे ०.१ मिलीग्रॅम फॉस्फरस असतो, तेव्हा आधी शंभर पट विरळ करा, नाहीतर रंग सरळ रेषेच्या बाहेर जाईल.

निकाल टक्क्यांत लिहू नका. भुकटी दुप्पट घातली की टक्का वाढतो, त्यात पॉलिमरचं कर्तृत्व काही नाही. भुकटीचं पृष्ठफळ बीईटी पद्धतीनं मोजून घ्या. १ ग्रॅमला ५० चौरस मीटरची भुकटी १० मिलीग्रॅम घेतली तर पृष्ठफळ ०.५ चौरस मीटर. तिच्यावर ०.५ पैकी ०.२ मिलीग्रॅम पॉलिमर बसलं तर ते चौरस मीटरला ०.४ मिलीग्रॅम. त्या विद्यार्थिनीचे ४० टक्के असे लिहिल्यावर दुसऱ्या प्रयोगशाळेतल्या आकड्याशेजारी ठेवता आले.

मग हीच चाचणी वेगवेगळ्या सांद्रतेला, ५ मिनिटांपासून २४ तासांपर्यंत करा. नंतर भुकटी ताज्या बफरनं धुऊन किती सुटतं तेही बघा. त्यानंतर बफरमध्ये १ मिलिमोलर फॉस्फेट घाला, कारण रक्तात साधारण तेवढं असतंच. शेवटी सीरम. सीरममधली प्रथिनं हायड्रॉक्सीअ‍ॅपटाइटवर जोरात बसतात, प्रथिनं वेगळी करायला या खनिजाचे स्तंभच वापरले जातात. सीरममध्ये फॉस्फोलिपिडही असतात, त्यामुळे परसल्फेटची युक्ती तिथं चालत नाही आणि साखळीच्या टोकाला फ्लुरोसीनसारखा रंग जोडावा लागतो. रंग जोडला की नुसत्या रंगाचीही एक नळी लावायची. काही चमकणारे रेणू स्वतःच हाडाला चिकटतात, टेट्रासायक्लिन हे त्याचं प्रसिद्ध उदाहरण. शिवाय फ्लुरोसीनची चमक पीएचवर अवलंबून असते, म्हणून प्रत्येक नळीचा पीएच मोजून वहीत लिहा.

पायरी ५: खरं हाड

भुकटी म्हणजे हाड नव्हे. मटणाच्या दुकानातून बकऱ्याच्या पायाची नळी, म्हणजे लांब हाड, आणा, आतली मज्जा काढा, चरबी एसीटोननं उतरवा, आणि हिऱ्याच्या करवतीनं पाण्याखाली अर्धा मिलिमीटर जाडीच्या चकत्या कापा. कोरडी करवत चालवली तर हाड जळतं, कडा तपकिरी होतात, त्या चकत्या फेकून द्या. अर्ध्या चकत्या पीएच ७.४ च्या, कॅल्शियम ओढून काढणाऱ्या ईडीटीए द्रावणात ठेवा, दर दोन दिवसांनी द्रावण बदला. काही दिवसांनी चिमट्यात धरलेली चकती रबरासारखी वाकू लागते. खनिज गेलं, कोलॅजन उरलं. ईडीटीए चांगलं धुऊन काढा, आणि दोन्ही प्रकारच्या चकत्या रंग जोडलेल्या पॉलिमरमध्ये बुडवून, धुऊन, सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी शेजारी ठेवा. आख्खी चकती उजळली आणि वाकणारी काळी राहिली, तर पॉलिमर खनिजालाच धरतं आहे. दोन्ही उजळल्या तर ते कोलॅजनलाही लागतं, म्हणजे त्वचेला, कंडराला, कूर्चेलाही लागणार.

पायरी ६: पेशी

आयएसओ १०९९३-५ प्रमाणे जिवंत पेशींचं प्रमाण ७० टक्क्यांच्या खाली गेलं तर पदार्थ विषारी मानतात. चाचणीच्या पद्धती सगळीकडे लिहिलेल्या आहेत, त्या इथं पुन्हा देत नाही. या पॉलिमरची एक खास अडचण मात्र आहे. १ मिलिलिटरला १ मिलीग्रॅम पॉलिमर घातलं तर भारित दुवे ६.८ मिलिमोलर होतात. पेशींच्या माध्यमात कॅल्शियम असतं १.८ मिलिमोलर. साखळीनं त्यातलं बरंचसं धरलं की पेशी ताटलीवरून सुटतात, गोल होतात, एमटीटी या जिवंत पेशी मोजणाऱ्या रंगचाचणीचं रीडिंग पडतं, आणि पॉलिमर विषारी असल्याचा शेरा वहीत जातो. तेव्हा आयन निवडक इलेक्ट्रोडनं माध्यमातलं मुक्त कॅल्शियम मोजा, आणि एका ओळीत पॉलिमरसोबत कॅल्शियम क्लोराइड घालून ते मूळ पातळीवर आणा. पेशी परत नीट बसल्या तर दोष विषाचा नव्हता.

हाड बांधणाऱ्या पेशींसाठी उंदराच्या एमसी३टी३-ई१ पेशी सोयीच्या. त्यांना एस्कॉर्बिक आम्ल आणि बीटा-ग्लिसरोफॉस्फेट देऊन दोन-तीन आठवड्यांनी अ‍ॅलिझारिन रेडनं खनिज रंगवतात. इथंही एक ताटली पेशींशिवाय लावा, माध्यम तेच, पॉलिमर तेच. तीही लाल झाली तर ते खनिज पेशींनी घडवलेलं नाही, नुसतं साखळून बसलेलं आहे.

प्राण्यांकडे जाण्याआधी

औषध जोडायचं असेल तर आम्लात तुटणारा बंध निवडा. हाड झिजवणारी ऑस्टिओक्लास्ट पेशी ज्या खळग्यात काम करते तिथला पीएच ४.५ च्या आसपास जातो, रक्तात तो ७.४ असतो. बंध ७.४ ला टिकतो आणि ४.५ ला सुटतो हे आधी बफरमध्ये दाखवा.

मग रक्त. तांबड्या पेशी फुटण्याचं प्रमाण २ टक्क्यांच्या आत असावं. गोठण्याची वेळ, पीटी आणि एपीटीटी, दोन्ही बघा, कारण रक्त गोठायला कॅल्शियम लागतंच आणि आपलं पॉलिमर तेच धरतं. हाच हिशोब मात्रेलाही लागू पडतो. रक्तातलं मुक्त कॅल्शियम १.२ मिलिमोलरच्या आसपास असतं, आणि एकदम दिलेल्या इंजेक्शननं ते क्षणभर जरी खाली ओढलं तरी हृदयाची लय बिघडू शकते. माध्यमात मोजलेल्या मुक्त कॅल्शियमचा आलेख इथं कामाला येतो: कुठल्या सांद्रतेला ते घसरायला लागतं ते बघा, उंदराच्या रक्ताचं प्रमाण सुमारे किलोला ७५ मिलिलिटर धरून मात्रा त्याच्या बरीच खाली ठेवा, आणि इंजेक्शन सावकाश, मिनिटं मोजून द्यायचं असं प्रोटोकॉलमध्येच लिहा. सीसीएसईएच्या, म्हणजे प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी समितीच्या, नियमांनुसार संस्थेच्या प्राणी नीती समितीकडे जो अर्ज जातो, त्याला हा आलेख, भाररहित पॉलिमरचे निकाल आणि वाकणाऱ्या चकतीचा फोटो जोडा. पहिल्या गटात भाररहित पॉलिमर दिलेले उंदीरही मागून घ्या. नंतर मागायला गेलात तर ते वेगळ्या वेळी आलेले, वेगळ्या वयाचे असतील आणि त्यांची हाडं पहिल्यांच्या शेजारी ठेवता येणार नाहीत.